पास हातात आलाय, आता बाहेर पडायचं कसं

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून कोरोना लशीचे दोन डोस झालेल्यांना मुंबईच्या लोकलमध्ये घ्यायला लागले आणि आमच्या डोंबिवलीत जिन्यात, वाण्याकडे, भाजीवाल्याकडे, जिथं जाल तिथं एकच प्रश्न, पास झाला का? माझा झाला, १७ ऑगस्टपासून मी ऑफिसला जातेय, दोन आठवडे होत आले. रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतो, कागद काय लागले, गाडीत गर्दी किती, ऑफिसात डबा कसा खाता, आईबाबांना कधी बाहेर काढायचं. म्हटलं सगळं एकदा नीट लिहून ठेवावं, ज्यांचा दुसरा डोस अजून व्हायचाय त्यांना पुढे कामी येईल. यातले नियम, वेळा आणि आकडे सगळे ऑगस्ट २०२१ चे आहेत.

एक आधीच सांगते. बंधनं सैल झाली म्हणजे कोरोना गेला असं नाही. आणि हॉटेलं रात्री दहापर्यंत उघडी, मॉल सुरू, म्हणून पहिल्याच रविवारी सगळीकडे धावत सुटू नका. जे राहून गेलंय ते आधी, नवीन करायचंय ते मागून. मी हाच क्रम धरला आणि मला तो बरोबर वाटतोय.

आधी कागद

पहिलं म्हणजे तारीख मोजा. दुसरा डोस घेतला की लगेच पास मिळत नाही, त्यानंतर चौदा दिवस पूर्ण व्हावे लागतात. माझा पहिला डोस २० एप्रिलला झाला, कोविशिल्डचं अंतर ८४ दिवसांचं, म्हणजे १३ जुलैला दुसरा घेता यायला हवा होता पण सेंटरवर लसच नसायची, रोज ॲप उघडून बसायचं आणि बोट लागेपर्यंत स्लॉट भरलेला असायचा, शेवटी २६ जुलैला मिळाला. त्यात चौदा मिळवले की ९ ऑगस्ट. कोव्हॅक्सिनवाल्यांचं अंतर २८ दिवसांचं म्हणून त्यांचं लवकर होतं. आणि ज्यांना दोन डोसच्या मधे कोरोना झाला त्यांनी बरं झाल्यावर तीन महिने थांबायचंय, पाससाठी म्हणून ते लपवून डोस घेऊ नका हो, नियम आपल्याच तब्येतीसाठी आहे.

मग सर्टिफिकेट. लसीकरणाच्या सरकारी कोविन साइटवरून डाउनलोड करा, नाहीतर व्हॉट्सॲपवर ९०१३१५१५१५ हा सरकारी नंबर सेव्ह करून तिथंही मिळतं. मिळालं की आधी वाचा! त्यावर दोन्ही डोसची नोंद आहे का, नाव आधारवर आहे तसंच आहे का, जन्माचं वर्ष बरोबर आहे का. माझ्या जावेनं पहिला डोस स्वतःच्या नंबरवर घेतला आणि दुसरा सेंटरवर गडबडीत मुलाच्या नंबरवर नोंदला गेला, तर तिची दोन सर्टिफिकेटं तयार झाली आणि दोन्हीवर पहिला डोस! बिचारी दोन डोस घेऊनही अर्धवटच. यावर उपाय आहे, कोविन वर लॉगिन करून 'रेज ॲन इश्यू' मध्ये जा, तिथं दोन पहिल्या डोसची सर्टिफिकेटं एकत्र करायचा पर्याय आहे. नाव, वर्ष, स्त्री-पुरुष यातली चूकही तिथूनच सुधारता येते पण सुधारणा एकदाच करता येते, म्हणून स्पेलिंग दोनदा बघून मगच सबमिट करा.

सर्टिफिकेटच्या आणि आधारच्या दोन-दोन झेरॉक्स काढा आणि ओरिजिनल आधार जवळ ठेवा. सायबर कॅफेत प्रिंट काढलीत तर त्यांच्या कॉम्प्युटरवरची फाइल समोर उभं राहून डिलीट करून घ्या. आणि आनंदाच्या भरात सर्टिफिकेटचा फोटो स्टेटसला टाकू नका, त्यावर आपली सगळी माहिती असते.

स्टेशनवर ११ ऑगस्टपासून महापालिकेची टेबलं लागलीत, मुंबई आणि आसपासच्या मिळून १०९ स्टेशनांवर. सकाळी सात ते रात्री अकरा. मी १२ तारखेला सातच्या ठोक्याला गेले, माझ्यापुढे माणसं होतीच पण लाइन सरकत होती. टेबलावरची मुलगी मोबाईलनं सर्टिफिकेटचा क्यूआर कोड स्कॅन करते, नाव जुळवते आणि सर्टिफिकेट आणि आधार दोन्हीच्या झेरॉक्सवर शिक्का मारते, मग ते घेऊन तिकीट खिडकीवर. साधं तिकीट देत नाहीत, महिन्याचा पासच काढावा लागतो. शिक्का मारलेले कागद फेकू नका, रोज पर्समध्ये पासबरोबर ठेवा, टीसी दोन्ही मागतो. पावसाचे दिवस आहेत तर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, माझ्या शेजारणीच्या कागदावरचा शिक्का दुसऱ्याच दिवशी भिजून पसरला आणि तिला परत लाइन लावावी लागली. ज्यांना स्टेशनवर उभं राहणं जमत नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन युनिव्हर्सल पासची सोय झालीय, मोबाईलवर ओटीपी येतो, फोटो अपलोड करायचा, मग मेसेजमध्ये लिंक येते.

थेट ऑफिसच्या दिवशी निघू नका

हे मी मनापासून सांगते, एक ट्रायल मारा. २२ मार्च २०२० च्या रात्री लोकल बंद झाली, मग अत्यावश्यक सेवेवाल्यांना, मग ऑक्टोबरपासून ठरावीक वेळात बायकांना, मग १ फेब्रुवारीपासून सगळ्यांना पण तेही ठरावीक वेळात, आणि एप्रिलमध्ये परत बंद. त्या उघडझापीत मी मार्चपर्यंत जेमतेम दीड महिना प्रवास केला असेन. आपल्याला वाटतं वीस वर्षांची सवय आहे, पाय आपोआप पडतील, तसं होत नाही.

मी आणि आमचे हे १५ ऑगस्टला, रविवारी, झेंडावंदन झाल्यावर नुसते ठाण्याला जाऊन आलो. स्लो गाडी. पूल चढतानाच मला धाप लागली, दोनदा कठड्याला धरून थांबले, हे एप्रिलमध्ये आजारी होते ते तर पहिल्या टप्प्यावरच टेकले. मग गाडी आली, कोपर, दिवा, मुंब्रा, आणि मुंब्र्यापुढे खाडी दिसली, पावसानं डोंगर हिरवागार झालेला आणि त्यावरनं पाण्याच्या बारीक बारीक पांढऱ्या धारा, डब्यातल्या सगळ्या बायका खिडकीकडे वळून बघत होत्या, कुणीच काही बोललं नाही. मला रडू आलं. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं नुसतं गुडघ्यावर थोपटलं. तर सांगायचं काय, जे रडू यायचंय, जी भीती वाटायचीय ती रविवारी येऊ दे, मंगळवारी साडेसातच्या गर्दीत नको.

आणि आधी आठ-दहा दिवस जिने चढायला लागा. रोज एक मजला वाढवा. घरात कुणाला कोरोना होऊन गेला असेल तर त्यांना विचारून विचारून, दम लागतोय म्हटलं की तिथंच थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं, चढायची जबरदस्ती नको.

ऑफिसचे बूट, चपला, बॅग आदल्या आठवड्यातच काढून बघा. चामड्यावर बुरशी आलेली असते, सोल सुटलेला असतो, माझ्या सँडलचा सोल जिन्यातच निघून आला, बरं झालं तो ट्रायलचा दिवस होता. स्कूटरनं स्टेशनपर्यंत जात असाल तर दोन्ही चाकांची हवा, ब्रेक आणि बॅटरी बघा, बराच काळ उभी राहिलेली गाडी बटणावर चालू होत नाही, किकनं करून पाच मिनिटं तशीच चालू ठेवा, नाहीच झाली तर मेकॅनिककडे न्या. इन्शुरन्सची तारीख बघा, आमचा मे महिन्यात संपलेला आणि घरात कुणाच्या लक्षातही नाही.

गाडीत आणि ऑफिसात

मास्क. एन-९५ असेल तर एकच पुरे, त्यावर दुसरा नको. नसेल तर आत सर्जिकल आणि वर कापडी. व्हॉल्व्हवाला नको, त्यातून आपला श्वास तसाच बाहेर पडतो. पण पावसाळ्यात खरी गोम वेगळीच आहे, भिजलेला मास्क काही उपयोगाचा नाही आणि श्वासही कोंडतो, म्हणून बॅगेत दोन कोरडे मास्क हवेतच आणि ओला ठेवायला कागदी पिशवी. डब्यात फोन आला तर उचलू नका, उचलला तरी मास्क खाली ओढून बोलू नका. खिडक्या उघड्या ठेवा. पावसाचे थेंब येतात म्हणून बायका खिडकी पाडतात, तेव्हा गोड बोलून थोडी तरी उघडी ठेवायला सांगायचं, मी तर सरळ म्हणते, ताई मी बसते खिडकीत, मला भिजायला चालतंय.

घरी आल्यावर आधी साबणानं हात. सॅनिटायझर साबण नसेल तिथं. आणि सॅनिटायझर लावून लगेच गॅस पेटवायला जाऊ नका, त्यात अल्कोहोल असतं, हात पूर्ण वाळू द्या.

ऑफिसात सगळ्यात कठीण वेळ दुपारी दीडची. दिवसभर मास्क नीट असतो आणि मग सगळ्याजणी एका टेबलाभोवती मास्क काढून बसतो, हसतो, एकमेकींच्या डब्यात हात घालतो, धोका असतो तो इथंच. आम्ही दोन बॅच केल्यात, तिघी दीडला, दोघी दोनला, खिडकीजवळ, एसी बंद, आणि खाताना गप्पा नाहीत, गप्पा मास्क लावून चहाच्या वेळी. भाजी वाटायचीच असेल तर घरूनच छोट्या डब्या वेगळ्या आणायच्या. पहिले दोन दिवस फार अवघड गेलं, आता जमतं. ऑफिस बरेच महिने बंद असेल तर पहिल्या दिवशी नळ जरा वेळ सोडून द्या, टाकी धुवून घ्यायला सांगा आणि कुंड्यांच्या ताटल्या, कूलर रिकामे करा. डेंग्यूचा सीझन आहे, कोरोनाच्या नादात तो विसरून चालणार नाही.

अंगात कणकण असेल, घसा धरला असेल तर त्या दिवशी जायचं नाही. दोन डोस झालेत म्हणून होणारच नाही असं नाहीये, टेस्ट करा. ऑक्सिमीटर कपाटात टाकून देऊ नका, सेल बदलून ठेवा, ९४ च्या खाली आकडा आला तर वाट बघत बसायचं नाही.

घरातली माणसं

कामाला येणाऱ्या मावशींचं आधी बोलते कारण यावरून आमच्या सोसायटीत भांडणं झाली. दोन डोसचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय गेटमधून आत नाही, असा ठराव काहींनी मांडला. अहो पण त्यांच्याकडे स्मार्टफोन कुठे, स्लॉट बुक करून देणार कोण, आणि डोसच्या दिवशी पगार कापला तर त्या जाणार कशा? माझं स्पष्ट मत आहे की विचारायच्या आधी मदत करायची. आमच्या मावशींचं रजिस्ट्रेशन माझ्या फोनवरून केलं, एका नंबरवर चार जणांचं होतं, डोसच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भरपगारी सुट्टी दिली, ताप आला तर घ्यायच्या गोळ्या बरोबर दिल्या. आता त्यांचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून त्यांच्याच पर्समध्ये आहे. हे एका घरानं केलं की दुसरं करतं.

म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढताना घाई नको. सासूबाई सतरा महिन्यांत तीनदा खाली उतरल्या, दोनदा लसीला आणि एकदा डोळ्यांना. त्यांना देवळात जायचं होतं पण ऑगस्ट २०२१ मध्ये देवळं अजून बंदच होती. पहिले चार दिवस आम्ही नुसतं बिल्डिंगच्या आवारात सकाळी सहाला चालवलं, मग कोपऱ्यापर्यंत, मग बाकापर्यंत. काठी घेतली तर लोक काय म्हणतील असं त्यांना वाटत होतं, मी म्हटलं आई, सगळ्यांचेच पाय आखडलेत, घ्या. आणि बाहेर न्यायच्या आधी राहिलेल्या तपासण्या करून घ्या, शुगर, बीपी, डोळ्यांचा नंबर, दात. जुन्याच चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या चालू असतात कित्येकांच्या, आमच्याकडेही होत्या, डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली.

ऑगस्ट २०२१ मध्ये लहान मुलांना अजून लस नव्हती हे मात्र लक्षात ठेवा. आपण बाहेर फिरून येतो आणि घरात तीच बिनलसीची. म्हणून मॉल, हॉटेल थांबू शकतं, मोकळ्या मैदानात न्या.

गणपती आलेत १० सप्टेंबर २०२१ ला. घरची मूर्ती यंदा, २०२१ ला, दोन फुटांपर्यंतच, हे ठरलेलं आहे. दर्शनाला बोलवाच, पण वेळा वाटून द्या, एका वेळी एकच कुटुंब, आरती घरच्यांनी करायची आणि प्रसाद पुडीत बांधून. मोदक गरम गरम पानात वाढायचं सुख पुढच्या वर्षी घेऊ.

जिथं जायचं राहिलंय

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. एप्रिल-मे मध्ये किती घरांत माणसं गेली आणि आपण कुणाकडे जाऊ शकलो नाही. फोन केला, मेसेज टाकला, संपलं. दारावर जाणं म्हणतात ते राहूनच गेलं. पास मिळाल्यावर पहिल्यांदा कुठे जाऊ असं वाटत असेल तर तिथं जा.

खूप दिवस झाले, आता कशाला जखमेवरची खपली काढायची असं वाटतं. मलाही वाटत होतं. ऑफिसात एकत्र डबा खाणाऱ्या आमच्या ग्रुपमधली सहावी मैत्रीण एप्रिलच्या शेवटी गेली. तिच्या घरी फोन करायला मला चार दिवस लागले, आणि तिच्या नवऱ्यानं काय म्हणावं, या ना, अजून कुणीच आलं नाहीये.

जाताना फोन करून जा, त्यांना जमेल तो दिवस घ्या. दोघीच जा, पाचजणी नको. मास्क ठेवा, खिडकीजवळ बसा, चहाचा आग्रह झाला तर घ्या, बाल्कनीत घ्या. कुठलं हॉस्पिटल, बेड कधी मिळाला, सॅच्युरेशन किती होतं, हे आपण विचारायचं नाही, त्यांनी सांगितलं तर शेवटपर्यंत ऐकायचं. तुमच्याकडची तिची एखादी आठवण सांगा, घरच्यांना माहीत नसलेली. आम्ही सांगितलं की ती रोज ठाणा आल्यावर उठून कुणाला तरी बसायला द्यायची, स्वतःचं स्टेशन लांब असलं तरी. तिच्या मुलीला हे माहीतच नव्हतं.

आणि कागदांचं विचारा, संकोच करू नका. दुःखात माणसाला काही सुचत नाही. मृत्यूचे दाखले पुरेसे काढलेत का, बँकेत नॉमिनी कोण, पीएफचं काय झालं. बँकेचं पासबुक भरून आणायला सांगा आणि मे-जूनच्या आसपास ३३० रुपये (हा २०२१ चा हप्ता) कापल्याची नोंद आहे का बघा. ती जीवन ज्योती विमा योजनेची असते, दोन लाखांचा विमा, कोरोनानं मृत्यू झाला तरी मिळतो, आणि कितीतरी घरांत हे पैसे कापले जातात हेच कुणाला ठाऊक नसतं. १२ रुपयांची (हाही २०२१ चाच हप्ता) नोंद असेल तर ती अपघाताची, वेगळी. तिच्या पासबुकात ३३० निघाले, मे २०२० मध्ये. आम्ही दुसऱ्याच दिवशी तिच्या नवऱ्याबरोबर बँकेत जाऊन फॉर्म आणला. कोरोनात दोन्ही पालक गेलेली मुलं माहितीत असतील तर राज्य सरकारनं २०२१ मध्ये त्यांच्या नावे पाच लाख ठेवायचं ठरवलंय, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा, त्यांच्या वतीनं तुम्ही करा.

गेलेल्या माणसाच्या ऑफिसातल्या वस्तू असतील तर अचानक नेऊन समोर ठेवू नका. आधी विचारा, आणू का. आमच्या मैत्रिणीच्या ड्रॉवरमध्ये तिची शाल, चष्म्याची केस आणि स्टीलचा डबा होता, झाकणावर तिच्या आईनं लग्नात घालून घेतलेलं नाव. मुलगी म्हणाली, आणा मावशी. मी डबा घरी आणून चिंचेनं घासला, उन्हात ठेवायला ऊन नव्हतं तर फॅनखाली वाळवला. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं आपल्यात. काय घालावं ते सुचेना, साखर घालावी तर हात होईना. मग आठवलं, शुक्रवारी ती शंकरपाळी आणायची आणि दोन बाजूला काढून ठेवायची, लेकीला आवडतात म्हणून. आम्ही पाचजणींनी रविवारी माझ्याकडे केल्या, खिडक्या उघड्या टाकून, मास्क लावून, आणि डबा भरून झाकण लावलं.